विळी, वजन दीड किलो

अंबड लिंक रोडला इद्रिसचाचांच्या भंगारात
मी विचारलं, ही मोटार चालते का?
ते म्हणाले, किलोवर चालते, ताई.
एकशे नव्वद रुपये.
सोबत एक चाक फुकट, कुठल्या खेळण्याचं होतं कोण जाणे.

बजेट चार हजार.
वहीत चार हजारांभोवती दोनदा चौकट काढली,
पेन दाबून, कुणी बाहेर पडू नये म्हणून.

मी कंपनीत इन्स्पेक्शनला.
दिवसभर दुसऱ्यांनी पाडलेल्या भोकांत गेज घालते,
जातं, जात नाही, जातं, जात नाही.
रात्री सिडकोतल्या आमच्या गच्चीवर
मीच पाडलेलं पहिलं भोक
दीड मिलिमीटर डावीकडे सरकलं.
बराच वेळ त्याच्याकडे बघत बसले
आणि पास केलं.

अंग कशाचं करायचं?
कार्बन फायबर हा शब्द वहीत लिहिला,
किंमत विचारून खोडला.
मग ओट्यावर दिसला आईचा भाजी चिरायचा बोर्ड,
पांढरा, जाड, मधोमध हळदीचा डाग.
आठ वर्षं सुरी खातोय,
ओरखडे मोजता येणार नाहीत, तडा एकही नाही.
आई म्हणाली, मग मी काय तळहातावर चिरू?
माळ्यावरची जुनी विळी तिला काढून दिली, धार लावून.
आणि रोबोटला नाव मिळालं.

ड्रम वाल्मीकने लेथवर काढला,
शिफ्ट सुटल्यावर, सुपरवायझरची गाडी गेटाबाहेर पडल्यावर.
पैसे किती?
म्हणाला, लढाईला मला ने.

लाल वायर काळ्यात गेली त्या रात्री
सातशे रुपयांचा धूर निघाला,
बारीक, निळसर, जरा घाईतला.
दोन दिवस घरात सातशे रुपयांचा वास.
वहीतल्या चौकटीची एक भिंत पाडली.

बॅटरी पेट घेते असं ऐकलेलं,
म्हणून चार्जिंग फुटक्या माठात, तळाला वाळू.
सोनवणेकाकू विचारायच्या, काय गं, काय मुरत घातलंयस?
ड्रम पहिल्यांदा फिरला
तेव्हा एक स्क्रू कानाजवळून गेला
आणि त्यांच्या पाण्याच्या टाकीत घुसला.
(टाकीचे तीनशे वहीत नाहीत. ते आईला माहीत नाहीत.)
पुढच्या चाचण्या बंद कूलरच्या पत्र्यात,
आणि आम्ही दोघं जिन्याच्या दाराआड.

आदल्या रात्री भावसारांच्या दुकानातला काटा म्हणाला
पंधराशे अडतीस.
मर्यादा पंधराशे.
अडतीस ग्रॅम म्हणजे किती रे?
मूठभर शेंगदाणे, वाल्मीक म्हणाला.
मूठभर शेंगदाण्यांसाठी अडीच वाजेपर्यंत भोकं पाडली,
पांढरा भुसा केसांत, भुवयांत, चहावर तरंगणारा.
हळदीच्या डागातही एक भोक पाडलं, नाइलाज होता.
काटा थरथरला. पंधराशे.

गंगापूर रोडच्या कॉलेजात, पारदर्शक पेटीत,
समोर पुण्याची पोरं,
त्यांच्या रोबोटवर विळीच्या वजनाएवढी स्टिकरं.
चाळिसाव्या सेकंदाला आमचं डावं चाक
पेटीच्या छताला लागून खाली आलं.
मग ड्रम अडकला.
पंच मोजायला लागले, एक, दोन, तीन,
आठला विळी हलली.
उरलेल्या चाकावर गोल,
घाण्याच्या बैलासारखी.
पंच थांबले.
पुन्हा मोजू लागले, पुन्हा ती फिरली.
वाल्मीक काचेवर हात आपटून ओरडत होता,
हलतेय ना! हलतेय!
तीन मिनिटं हलली.
हरलो, गुणांवर.

घरी आईने आधी बोर्डच बघितला.
बोट फिरवत म्हणाली, इथे काहीतरी टोचतंय.
हळदीच्या डागाच्या कडेला, अर्धा आत रुतलेला,
त्यांच्या पात्याचा तुटका दात.
भावसारांनी दुकान बंद करता करता काटा पुन्हा लावून दिला.
चाक बसवून, सगळे स्क्रू भरून,
पंधराशे तीन.

दात मी काढणार नाहीये.
ते तीन ग्रॅम
आता दुसरीकडून कुठून तरी काढायचेत.