लाल चांदणी

बाणेरच्या सहाव्या मजल्यावर मी रकाने आखते.
कोपरा किती गोल, अक्षर किती राखाडी,
एका हाताने फोन धरला तर अंगठा
'पुढे'पर्यंत पोचतो की नाही,
याचा पगार मिळतो मला.

आरोग्य कार्डाचा फॉर्म होता. चौदा रकाने.
भांडून भांडून अकरावर आणले
आणि त्या दुपारी स्वतःलाच कॉफी पाजली.

मग कात्रजच्या पुढे, कचरा निवडायच्या शेडमध्ये
छबुबाई खुडे यांनी हातमोजे काढले,
आधी एक, मग दुसरा,
आणि तव्यावरची भाकरी धरावी तसा
कडेकडेने फोन धरला.
"ही लाल चांदणी कशाची?"
"ते भरावंच लागतं, मावशी."

नाव झालं.
जन्मतारखेला माझं देखणं चाक
शहाण्णव सालावर उभं.
त्या बोटाने मागे ढकलत राहिल्या,
ब्याण्णव, अठ्ठ्याऐंशी, ऐंशी,
"लई खोल हाय गं ही हीर,"
म्हणत बहात्तरला टेकल्या.
"दुष्काळातली हाय मी. तारीख कोण लिवतंय?"
मी वहीत लिहिलं : चाक नको. फक्त साल.

पतीचे नाव. चांदणी.
बोट थांबलं.
मागे कुणीतरी बाटल्यांचं पोतं उपडं केलं,
तो आवाज संपेस्तोवर थांबलंच.
मग रकाना तसाच ठेवून
त्यांनी 'पुढे' दाबलं.

माझंच वाक्य लाल होऊन उगवलं :
कृपया वैध माहिती भरा.

"वै…ध. म्हंजी?"
"म्हणजे… खरी."
"खरीच तर हाय," छबुबाई म्हणाल्या,
"सोळा वर्सं रिकामंच हाय ते."

परतताना सदाशिव पेठेत
एका फाटकावर खडूने लिहिलेलं दिसलं :
बेल ऐकू आली आहे. गुडघे दुखतात. येतो आहे.
गाडी बाजूला घेऊन दोनदा वाचलं.
आमच्या गोल गोल फिरणाऱ्या चकतीला
तीन वर्षांत इतकं बोलता आलं नव्हतं.

सोमवारी मीटिंगमध्ये निखिलेश म्हणाला,
"बॅकएंडला कंपल्सरी आहे ते."
म्हटलं, "छबुबाईंना नाही."
तो हसला. मग हसला नाही.
चांदणी जायला अकरा दिवस लागले
आणि एक ओळ.

आता तिथे विचारलंय :
दवाखान्यातून कुणाला फोन करायचा?
छबुबाईंनी न थांबता लिहिलं, सुलभा,
आणि शेजारच्या टेबलाकडे ओरडल्या,
"ए, तुझा नंबर सांग!"
ती पुठ्ठे बांधता बांधता आकडे सांगत गेली,
मधला एक चुकला, पुन्हा सांगितला.
या वेळी आधीचे नऊ पुसले गेले नाहीत.

फोन परत देताना
त्यांनी काच पदराला पुसली.
मी म्हटलं, राहू द्या.