तिळबुरी

आमच्या घरात एक शब्द होता.
दारात कोणी विनाकारण रेंगाळलं,
बाहेर बघत राहिलं, हाक ऐकली नाही,
की आजी म्हणायची, "पुरे तुझी तिळबुरी."
मला वाटायचं, तिळाचंच काही असणार,
भुरभुरतं, हाताला न लागणारं.
वडिलांनी लग्नानंतर तो शब्द पहिल्यांदा ऐकला
तेव्हा खायला मागितला होता म्हणे.

बॅसिलडनच्या हॉस्पिटलात एक्स-रे काढते मी.
नोकरीच्या दुसऱ्याच आठवड्यात चुकीच्या गाडीत बसले.
ग्रेजच्या पुढे डब्यातला रेकॉर्ड केलेला आवाज म्हणाला,
टिलबरी टाउन.
उतरले.
पाटी वाचली. तोंडातल्या तोंडात म्हटली.
मग आजीच्या तोंडानं म्हटली.

त्यानंतर तीन हिवाळे, शनिवारचे शनिवार,
मी जहाजांच्या याद्या वाचल्या.
पणजी देवळाली कँपात कोणा साहेबाचं मूल सांभाळायची,
एवढंच घरी माहीत.
"एकदा लांब जाऊन आली," आजी सांगायची.
लांब म्हणजे मनमाड असेल, असं आम्ही धरून चाललो.

१९१३, एप्रिल. मिसेस हॅलिडे, एक बाळ, एक आया.
आयेला नाव नाही. वयाच्या रकान्यात रेघ.
नोव्हेंबरात, परतीच्या यादीत, भलत्याच कुटुंबाबरोबर:
ओडा, आया, ३०.

आवडा?
कारकुनाला मधला व ऐकू आला नसेल.
किंवा ही दुसरीच कोणी.
काळी रेघ दिसली म्हणून हाड मोडलंय
असं मी कधी म्हणत नाही. ते डॉक्टर म्हणतात.
इथे डॉक्टर कोणी नाही.

एप्रिल ते नोव्हेंबर.
परतीचं तिकीट मिसेस हॅलिडेनं काढलंच नसेल.
आवडा रोज गोदीवर येऊन उभी राहत असेल,
मुंबईला निघालेल्यांत एखादं रडकं मूल शोधत,
ज्याच्या आईचे हात दमलेत.
नऊवारीवर कोणाचा तरी मोठा कोट.
कोट मी घातलाय. रडकं मूलही माझंच.
यादीत फक्त दोन तारखा आहेत.

आईला फोन केला. नाशिकरोडला रात्रीचे साडेदहा.
"म्हणजे ते गाव आहे?"
मग बराच वेळ नुसता पंख्याचा आवाज.
"मी सहा-सात वर्षांची असेन. विचारलं होतं तिला,
तिळबुरी म्हणजे काय गं.
म्हणाली, तिथं पाय गार पडतात."
पुन्हा पंखा.
"आम्हाला वाटलं, उंबऱ्यावर.
दगडी होता ना आपला."

काल सुट्टी होती. धक्क्यावर गेले.
समोर ग्रेव्हसेंड, मध्ये चहाच्या रंगाची नदी.
पलीकडे जाणारी बोट बंद झालीय.
एक म्हातारा सायकल धरून उभा होता.
मी म्हटलं, "बोट नाही येत आता."
"ठाऊक आहे," तो म्हणाला
आणि उभाच राहिला.
त्याला काही विचारावंसं वाटलं नाही.
सायकलच्या पलीकडे, जरा अंतर ठेवून,
मीही थांबले.
खालून, बुटांच्या तळातून,
हळूहळू गार यायला लागलं.