डावा बॅक

शुक्रवारी दुपारी गाला झेरॉक्समध्ये भाव फुटतो.
आपलं कॉलेज, समोर वसईचं.
वसईवाले दीड गोल देतायत.
म्हणजे त्यांनी दोनने मारलं तर त्यांच्यावर लावणारा जिंकला,
एकनेच मारलं, तर हरलेल्यांवर लावणारा.
गाला हे सगळं कोऱ्या गठ्ठ्याच्या पाठीवर
पेन्सिलीने लिहितो. पेन्सिलीने, कारण खोडता येतं.

मी केमिस्ट्रीच्या लॅबमधला तांडेल.
बावीस वर्षं ब्युरेट धुतोय.
पोरं जर्सी बघून लावतात, मागच्या वर्षीचा कप बघून,
एकजण तर गोलकीपरची बहीण बघून.
मी जोड्या बघतो.
अकरा विरुद्ध अकरा असं काही नसतंच;
असतो एक माणूस, त्याच्या समोरचा एक माणूस
आणि मध्ये चार पावलं माती.

कुणाच्या तरी अर्धवट जर्नलची उरलेली पानं,
त्यावर डावीकडे आपला, उजवीकडे त्यांचा:
तौसिफ, उंच बॉलला घाईने बाहेर येतो.
त्यांचा नऊ नंबर कानावर फटका बसल्यापासून
हेडर मारताना डोळे मिटतो. फिटलं.
आपला शिर्के अर्धा तास वाघ, मग नुसता पाणी मागतो.
त्यांचा मधला इतका आळशी की त्याला तहानच लागत नाही.
हेही फिटलं.
राहिली डावी कड.
त्यांचा ॲश्ले लोपीस हलत्या होडीत उभ्या माणसासारखा पळतो,
पाय फाकून, कमरेत सैल. पाडून पडत नाही.
त्याच्यासमोर आपला प्रणित वाघधरे.

आता हे बाकी कुणाला ठाऊक नव्हतं:
गुरुवारी वाघधरे टायट्रेशन करताना उभ्याउभ्या झोपला.
गुलाबी आलं, गुलाबीचं जांभळट झालं,
थेंब पडतच राहिले.
कॉक मी बंद केला.
"काका, भिवंडीला पार्सलं उचलतो. रात्री दहा ते सहा.
सरांना सांगू नका, टीममधनं काढतील."
नाही सांगितलं.
सरांना नाही सांगितलं.

गालाला म्हटलं, वसई. दीड देऊन. हजार.
त्याने चष्म्यावरून पाहिलं. "घरच्या पोरांवर उलटा?"
म्हटलं, पैशाला कॉलेज नसतं.
तेव्हा हे वाक्य मला बरं वाटलं होतं.

शनिवारी माटुंग्याला ऊन पाठीवर बसलेलं.
अकराव्या मिनिटाला लोपीस. अगदी वहीतल्यासारखा.
पस्तिसाव्याला पुन्हा तोच;
वाघधरे वळेपर्यंत बॉल जाळीत.
गालाने माझ्यासाठी लिंबूपाणी मागवलं.

दुसऱ्या हाफात वाघधरेने बॉलच्या मागे लागणं सोडलं.
दोन पावलं मागे सरकून नुसता उभा,
बंद गोदामाच्या शटरसारखा.
लोपीस डावीकडून आला, हा तिथे. उजवीकडून आला, हा तिथे.
धावत नव्हताच. धावायला त्याच्याकडे काही उरलंच नव्हतं,
आणि हेच मी वहीत लिहिलं नव्हतं:
की दमलेला माणूस फसायलाही दमतो.

चौऱ्याऐंशीव्याला कॉर्नर.
शिर्के, ज्याला तेव्हा पाणी हवं असायला हवं होतं,
त्याने मांडीने, खांद्याने, देव जाणे कशाने, आत ढकलला.
दोन-एक.
शिट्टी वाजली. हरलो. म्हणजे ते हरले,
आणि हजार रुपये माझे गेले.

सोमवारी वाघधरे जर्नल घेऊन आला.
गुडघ्याला माटुंग्याची लाल माती अजून.
"काका, आला होतात ना? गालाशेठच्या बाजूला?
गोल झाला तेव्हा केवढ्याने ओरडलात!"
"काय ओरडलो?"
"ते नाही कळलं. लांब होतो."

मी ब्युरेट स्टँडला लावली.
कॉक जरा गळतोय हिचा, म्हटलं,
तू दुसरी घे.