अर्धा सेकंद आधी

यात आरसा नाही, फिलिपा म्हणाली.
बरं झालं म्हटलं,
सत्तरीनंतर तेवढाच एक आरसा कमी.

माहितीपुस्तिका आठशे पानांची, अक्षर मुंगीएवढं,
आणि माझ्या उजव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकतोय.
म्हणून तर टेहळणीच्या बुरुजावरून मला खाली उतरवलं
आणि बोटीत बसवलं:
शेपट्यांचे फोटो काढा, बेलार्मिनू,
प्रत्येक शेपटीची कड वेगळी असते.

कड वेगळी असते, हे मला.
तीस वर्षं डोळ्यांत तेल घालून बसलेल्या मला.

पहिला आठवडा नुसता मेनूत गेला.
एका दारातून आत, आत आणखी एक दार,
मागे फिरावं तर भलत्याच खोलीत.
एकदा भाषाच बदलली.
दोन दिवस तो माझ्याशी जपानीत बोलत होता
आणि मी मान डोलावत होतो.

मग डोळा शोधायची युक्ती.
हा आपला आपण डोळा हुडकतो, त्यावर चौकट ठेवतो.
यादीत माणूस, कुत्रा, मांजर, पक्षी,
मोटार, विमान, रेल्वे.
पिकु बेटावर रेल्वे नाही. कधीच नव्हती.
देवमासा यादीत नाही.
दोनदा वर-खाली केली यादी,
शेवटी 'पक्षी' ठेवला.
चौकट भिरभिरली, एका सीगलवर बसली,
मग जर्मन बाईच्या टोपीवरच्या पोपटावर,
आणि तिथून हलेचना.
पलीकडे फवारा उडून विरूनही गेला.

दुर्बिणीतून समुद्र समुद्रच दिसायचा.
याच्या आत समुद्राचा एवढासा टीव्ही आहे.
मला ते पटलं नव्हतं.
पण परवा दिवेलागणीला, धक्क्यावर,
जेव्हा मला डोंगरही नुसता डाग दिसतो,
यात तो कडेसकट उभा.
डोळा काढला: डाग.
लावला: डोंगर.
पाच-सहा वेळा केलं, मूल दिव्याच्या बटणाशी खेळतं तसं.
ओदेत नं विचारलं, काय चाललंय?
म्हटलं, डोंगर तपासतोय.

काल फिलिपानं शेवटचं शिकवलं.
बटण अर्धं दाबून धरायचं.
तेवढ्यात तो गुपचूप टिपत राहतो, टाकत राहतो,
पुरतं दाबलं की
मागचा अर्धा सेकंद परत देतो.
म्हणजे उशीर झाला तरी चालतं, ती म्हणाली.
तिचा जन्म शिकार बंद झाल्यानंतरचा.

बुरुजात असताना फवारा दिसला की बाण सोडायचा.
धडाम् झालं की गाव धावत सुटायचं,
कुणाच्या तोंडात घास, कुणाची अर्धीच दाढी,
सगळ्यांत पुढे वडील, भाला घेऊन.
पण फवारा आणि काडी यांच्यामध्ये
एक श्वास असायचा
जेव्हा फक्त मला माहीत असायचं.

शहात्तरच्या ऑगस्टमध्ये तो श्वास मी लांबवला.
मादी होती, कुशीला पिल्लू,
पाणी तेलासारखं गप्प.
काडी पेटवली होती. बोटापर्यंत आली.
वहीत लिहिलं: धुकं.
संध्याकाळी वडिलांनी वही वाचली,
दारात जाऊन आभाळ पाहिलं,
आणि सूप मागितलं.

आज सकाळी शेपटी वर आली.
मी दाबलं, उशिराच.
तरी आलं सगळं. पंधरा फोटो.
शेवटच्यात शेपूट, कडेला खाच, ओघळणारं पाणी.
पहिल्या चारांत काहीच नाही,
फक्त एका जागी समुद्र किंचित फुगलेला,
कुणी सांगू की नको म्हणत ओठ मिटून बसावं तसा.

ते पुसून टाका, फिलिपा म्हणते, कार्ड भरतं.
हो म्हटलं.
पुसायचं बटण तेवढं
मला अजून सापडत नाही.