भुईकाटा

सावद्याबाहेर, रावेरच्या रस्त्याला माझी खिडकी.
खिडकीसमोर भुईकाटा.
केळीचे ट्रक भरून येतात, रिकामे येतात,
मी पावती फाडते:
भरलेलं, रिकामं, निव्वळ.
सतरा वर्षं दुसऱ्यांचं निव्वळ काढता काढता
माझं चौऱ्याऐंशी कधी झालं
ते सांगितलं शिवणवाल्या पमाने.
दातात टाचणी धरून म्हणाली,
"ताई, ब्लाउजात आता माया उरली नाही."

फेब्रुवारीत पुतणीचं लग्न.
मी वहीत लिहिलं: महिन्यात दहा किलो.
खाली लिहिलं: रोज आठशे कॅलरी.
दोन रेघा मारल्या, पेन मोडेल अशा.
सकाळी लिंबू-पाणी, दुपारी काकडी,
रात्री मूग, तेही वाटीच्या खालच्या रेघेपर्यंत.

नवव्या दिवशी दिल्लीच्या गाडीचं वजन लिहिताना
आकडे पडद्यावरून खाली उतरायला लागले.
मीही उतरले, खुर्चीवरून थेट फरशीवर.
हमाल निंबा धावत आला.
पाणी नाही, आधी केळं सोलून दिलं त्याने.
त्या रात्री भरिताच्या पातेल्यासमोर बसून
कळण्याच्या चार भाकरी खाल्ल्या
आणि वही माळ्यावर फेकली.

भुसावळला शाहीन पिंजारी आहारतज्ज्ञ आहेत.
त्यांनी वही मागितली. म्हटलं, फेकली.
हसल्या नाहीत.
"दहा टनांच्या गाडीत वीस टन भरले तर?"
"पाटे तुटतात."
"मग तुम्ही एवढी घाई का भरली?"
मला उत्तर आलं नाही.
चपातीच्या डब्याचं झाकण उगाच दोनदा लावलं.

त्यांनी आकडा काढला.
खातेय त्यातून रोज चारशे कमी, फार तर पाचशे.
आठवड्याला अर्धा किलो.
कधी पाव. कधी काहीच नाही.
"आणि बट्टी?"
"खा की. चाराच्या दोन करा.
तूप ओतू नका, चमच्याने घाला."
"शेवभाजी?"
"तर्री बाजूला काढा. शेव राहू द्या बिचारी."

अर्धा किलो!
आमचा काटा दहा किलोच्या खाली काही मोजतच नाही.
अर्धा किलो म्हणजे फणीतली चार केळी,
फाटकापाशी गाडी हळू झाली
की पोरं ओढून नेतात तेवढी.
व्यापारी त्याचा हिशोबही मागत नाही.

लग्नात मी ब्याऐंशीची होते.
पमाने जुन्याच ब्लाउजला बगलेत पट्टी जोडली होती.
पुरणाचा एक मांडा खाल्ला, दुसऱ्यातला अर्धा
जाऊबाईंच्या ताटात सरकवला.
मामेसासू पंगतीतून ओरडल्या,
"काब्र वं, जेवत नही का?"

मार्चमध्ये पहाटे कालव्यापर्यंत चालले.
एप्रिलात ऊन सहालाच अंगावर यायचं,
म्हणून साडेचारला, कुत्र्यांच्या साक्षीने.
मग गल्लीत पापड सुरू झाले.
उडदाच्या लाट्या, घाणीच्या तेलात बुडवून,
एक, एक, अजून एक,
लाटणाऱ्या बायकांत बसून कोण मोजतं?
वजन उलटं तीनशे ग्रॅम चढलं.
शाहीनताई फोनवर म्हणाल्या, "तेही लिहा."
लिहिलं.
माळ्याकडे एकदा पाहिलं फक्त.

काल दुपारी रस्ता अगदी मोकळा होता.
डांबर वितळत होतं, निंबा खिडकीत बसला होता.
मी चप्पल काढली, चटका बसला, परत घातली
आणि लोखंडी पाट्यावर मधोमध उभी राहिले,
जिथे बारा चाकांच्या गाड्या उभ्या राहतात तिथे.
घरच्या काट्यावर सकाळी अठ्ठ्याहत्तर होते.
"ताई, ऐंशी!" निंबा ओरडला.
जानेवारीतही त्याने ऐंशीच सांगितलं होतं.
सहा किलो गेले, भुईला पत्ता नाही.

"फाड पावती," म्हटलं.
त्याने गाडी नंबरच्या जागी रेघ ओढली,
भरलेलं: ऐंशी.
पेन थांबलं.
"रिकामं काय लिहू?"

"राहू दे कोरं," मी म्हटलं.
"अजून माझा डबा व्हायचाय."