भोकाची शिंपली

आठवीला तायशेटे मास्तरांनी
एका ग्रीक म्हाताऱ्यावरचा खटला चालवला,
वर्गातच, बाकं भिंतीला सरकवून.
आरोप दोन: गावाचे देव मानत नाही,
पोरांना बिघडवतो.
मतं द्यायला पुळणीवरच्या शिंपल्या.
अखंड म्हणजे सोडा.
भोकाची म्हणजे मारा.

मी भोकाची टाकली.
अखंड शोधायला वेळ नव्हता,
आणि घंटा होत आली होती.

म्हातारा पाच मतांनी मेला.
पण लगेच नाही, मास्तर म्हणाले.
देवकार्याला गेलेलं गलबत परतेपर्यंत
कुणाला मारायचं नाही, असा तिथला दंडक.
महिनाभर त्याचे मित्र उलटा वारा मागत होते.
आम्ही गप्प.
निम्म्यांचे बाप तेव्हा दर्यात होते.
गलबत येऊ नये, असं कुणी मागतं?

सत्तावीस वर्षांनी देवळापुढं गावकी बसली.
मास्तरांनी एवढंच विचारलं होतं,
की पालखीच्या चांदीचा हिशोब कुठाय,
आणि कौलाची पाकळी आधी भिजवतं कोण.
आता पोरंही विचारायला लागली होती.
वाळीत टाका. हात वर करा.

माझा हात वर गेला
तेव्हा त्याला बांगड्याचा वास येत होता.

त्या रात्री तरीवाला दाजी त्यांच्या दारात.
"मास्तरानू, भरती इली. होडी लावलंय.
चिपळुणाक लेक आसा तुमची."
"बस दाजी.
एकाहत्तर वर्षं ह्याच विहिरीचं पाणी प्यालो,
तेव्हा ही गावकी मला चालली.
आज माझ्यावर उलटली, म्हणून अंधारातून पळू?"
मग ते भरती का येते, ते समजावत बसले.
दाजी म्हणतो, अर्धंच कळलं.
तोवर ओहोटी लागली.

दुकानात त्यांना मीठ मिळेना.
गणपतीत त्यांची आरती त्यांनी एकट्यानंच म्हटली,
रस्त्यावर ऐकू येत होती.
परसात काजऱ्याचं झाड होतं,
लोक काहीबाही बोलतात.
डॉक्टरनं कागदावर हृदय लिहिलं.

खांद्याला दाजी, लेक,
मोहल्ल्यातला इस्माईल मुकादम आणि त्याचा थोरला.
मी खिडकीतून मोजले.
चार. पुरतात.

शेवटी दाजीला म्हणाले होते,
"राखणदाराचा एक कोंबडा माझ्याकडून राहिलाय.
तेवढा दे."

हे मला परवा कळलं.
साडेसहाशे रुपये मोजून मी कोंबडा आणला.
दाजीनं हात लावला नाही.
"देणं त्यांचा. तू कोण?"

परड्यात बांधलाय अजून.
पहाटे साडेचारला आरवतो.