सहा रकाने

मनामा, बाब-अल-बहरीनच्या मागची गल्ली.
कॅसेटच्या गोदामात एसीखाली ठेवलेली बादली
दुपारी चारपर्यंत निम्मी भरते.
माझ्यापुढे टेप-रेकॉर्डर, छापील फॉर्म,
आणि काळा मार्कर,
ज्याच्या वासाने दुपारचं जेवण गोड लागत नाही.

फॉर्मला सहा रकाने:
दारू, देह, देव, शिवी, सैतान, रक्त.
खाली एक ओळ: सोळा वर्षांखालील श्रोत्यांस योग्य / अयोग्य.
नको ते खोडा.

नऊ वर्षं मी नको ते खोडतोय.
गायिकांच्या उघड्या दंडांना बाह्या शिवल्यात मी,
गुडघ्यांवर रात्र ओतलीय,
एकदा तर हाताच्या सवयीने
एका कव्हरवरच्या घोड्यालाही पायजमा चढवला.
जाफरसाहेब हसता हसता खोकायला लागले.
म्हणाले, दळवी, घोड्याला सूट आहे.

आज आलीत ती चार पोरं. केस खांद्याखाली,
बँडचं नाव कसल्याशा गंजक्या खिळ्यावरून.
बाजू अ. ड्रम असे की बादलीतल्या पाण्याला सुरकुत्या.
माझं इंग्रजी कुडाळच्या शाळेतलं,
ओरडणाऱ्या माणसाचं मला अर्धंच कळतं.
'डॅम' दोनदा. शिवीखाली दोन रेघा.
बिअर एकदा, पण ती सांडलेली.
सांडलेली मोजायची का,
याबद्दल फॉर्म गप्प.

बाजू ब, तिसरं गाणं: 'सेटन', चार वेळा, घसा फाटेस्तोवर.
चार रेघा.

चौथं.
ड्रम थांबले. नुसती एक गिटार,
आणि तोच ओरडणारा आता इतका हळू
की मी कान स्पीकरच्या जाळीला लावला.
बाप रात्री येतो, किल्ल्या टेबलावर ठेवतो.
पोरगा झोपेचं सोंग घेतो.
बाप सोंग ओळखतो
आणि दिवा मालवतो.
बस्स, एवढंच. तीनदा.

रिवाइंड केलं. पुन्हा केलं.
कळलं की सगळं, एक शब्द सुटला नाही.
दारू नाही, देह नाही, देव नाही,
शिवी, सैतान काही नाही. रक्त...
रक्तापाशी पेन जरा अडलं.

आमच्या गावच्या जत्रेत, रात्री दोनला,
दशावतारातल्या राक्षसाचं पोट फाडायचे.
आतून हातभर लाल चिंध्या निघायच्या
आणि आम्ही सात-आठ वर्षांची पोरं
पहिल्या रांगेत, खाजं चघळत.
मी भिऊन चड्डी ओली केली तेव्हा आई म्हणाली,
देवाचा नाटक ता, भियातस कित्याक?
योग्य की अयोग्य, कुणी विचारलं नाही.

निषाद आता चौदाचा.
गुदैबियाच्या खोलीवर मी साडेनऊला पोचतो.
किल्ल्या टेबलावर नाही, फ्रीजवर ठेवतो,
एवढाच काय तो आमच्यात आणि गाण्यात फरक.
चादरीतून हेडफोनची वायर बाहेर आलेली असते,
श्वास फारच शहाण्यासारखा चाललेला.

जाफरसाहेबांना म्हटलं, उद्या देतो निकाल.
त्या रात्री किल्ल्या जरा जोरात ठेवल्या.
वायर हलली.
बोट दिव्याच्या बटणावर, पण दाबलं नाही.
'बाजू ब, चौथं,' मी चादरीला म्हणालो.
'चांगलं आहे.'

बराच वेळ फ्रीजच काय तो बोलत होता.

मग आतून आवाज आला, फुटू लागलेला,
अर्धा माझा, अर्धा तिच्या माहेरचा:
'तिसरं त्याहून भारी आहे, बाबा.'
'त्यात सैतान आहे.'
'नाही हो. ते कुत्र्याचं नाव आहे.
हरवलाय तो. हाका मारतायत त्याला.'

बाजारात न आलेल्या कॅसेटमधलं
तिसरं गाणं याला कसं ठाऊक,
हे विचारायचं राहूनच गेलं.

सकाळी सैतानाखालच्या चारही रेघा खोडल्या.
घोड्याला सूट होती.
कुत्र्यालाही असावी.